देवमासे एकत्र कसे खातात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देवमासा मासा नाही, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. पण खाण्याच्या वेळी हे प्राणी एकमेकांशी कसे वागतात, याबद्दल गैरसमज भरपूर आहेत. चार देवमासे जवळजवळ दिसले की लोक म्हणतात, ‘बघा, मिळून शिकार करतायत.’ कधी ते खरं असतं, पण बऱ्याचदा नसतं. खालची बहुतेक उत्तरं फिरून एकाच प्रश्नाशी येतात: समोरचं भक्ष्य कसं वागतं? थवा करून पळणारा मासा असेल तर सोबतीचा उपयोग होतो. ढगासारखं तरंगणारं क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, असेल तर शेजारी असला काय, नसला काय.

देवमासे कळपाने खातात की एकएकटे?

दोन्ही, आणि तेही एकाच जातीत. हंपबॅक या जातीचा देवमासा क्रिल खाताना बऱ्याचदा एकटाच असतो. तोच प्राणी हेरिंग या लहान माशाच्या थव्यापुढे आठ-दहा जणांच्या गटात दिसतो.

एक फरक आधीच लक्षात ठेवलेला बरा. दात असलेले देवमासे, म्हणजे ओर्का, स्पर्म व्हेल वगैरे, एकेक भक्ष्य पकडतात आणि त्यांच्या माद्या-पिल्लांची कुटुंबं वर्षानुवर्षं टिकतात. दातांऐवजी टाळूला बलीनच्या, म्हणजे चाळणीसारख्या, पट्ट्या असलेले, म्हणजे निळा, फिन, हंपबॅक, राइट, बोहेड, ग्रे, हे पाण्यासकट भक्ष्य तोंडात घेऊन गाळतात. आई-पिल्लाची जोडी सोडली तर त्यांच्यात कायमचं कुटुंब असं नसतं. म्हणून ओर्का एकत्र खातात ते घरच्यांबरोबर, आणि हंपबॅक एकत्र खातात ते कामापुरते. या ‘कामापुरते’लाही अपवाद आहे, तो पुढे येईलच.

बुडबुड्यांचं जाळं नेमकं कसं टाकतात?

ही हंपबॅकची खासियत. आग्नेय अलास्कात हेरिंग धरणाऱ्या गटांचा क्रम साधारण असा असतो.

आधी सगळे पृष्ठभागावर चार-पाच श्वास भरून घेतात आणि एकामागोमाग शेपट्या वर काढून खाली जातात. शेपटीचा पंखा पूर्ण उभा दिसला की बुडी खोल आहे असं समजावं. खाली थवा सापडला की गटातला एकजण त्याच्याभोवती फिरत श्वासछिद्रातून हवा सोडू लागतो. सगळी हवा एकदम सोडत नाही. थोडीथोडी, एका झुबक्यानंतर दुसरा झुबका, वर्तुळात किंवा आत वळत जाणाऱ्या सर्पिलात. प्रत्येक झुबका वर चढताना फुटतो, रुंद होतो, शेजारच्याला जाऊन मिळतो आणि पाण्यात पांढरट भिंत उभी राहते. वरून पाहणाऱ्याला आधी एक फिकट हिरवा ठिपका दिसतो, मग त्याच्या बाजूला दुसरा, तिसरा, आणि बघताबघता कडं पुरं होतं. कड्याचा व्यास ३ मीटरपासून ३० मीटरपर्यंत काहीही असू शकतो.

याच वेळी बाकीचे खालून आणि बाजूंनी थव्याला दाबत असतात. त्यांचे लांबलचक पर, शरीराच्या जवळजवळ तिसरा हिस्सा लांबीचे, इथे कामी येतात. थवा वर सरकतो, आक्रसतो, वरून पृष्ठभाग आणि चहूबाजूंनी बुडबुडे अशा कोंडीत सापडतो. मग सगळे तोंडं उघडून एकदम खालून वर येतात. पाणी फुटतं, सात-आठ जबडे एकमेकांना खेटून उभे दिसतात, घशाच्या वळ्या फुग्यासारख्या ताणलेल्या असतात आणि कडेने चुकार मासे उड्या मारत असतात. तोंड मिटलं की पाणी बलीनमधून बाहेर ढकललं जातं आणि मासे आत राहतात. थोडा दम खाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

हेरिंग हवेची भिंत ओलांडून पळून का जात नाही?

जाऊ शकते, पण बिचकते. टाकीत ठेवलेल्या हेरिंगवर झालेल्या प्रयोगांत दिसलं की बुडबुड्यांचा पडदा ओलांडायला हे मासे फारसे तयार होत नाहीत. थव्याने राहणाऱ्या माशाची एक अडचण असते. घाबरला की तो शेजाऱ्याला चिकटतो. एरवी याच सवयीमुळे तो वाचतो, कारण शिकाऱ्याला एकच मासा हेरणं अवघड जातं. पण जो शिकारी थवाच्या थवा गिळतो, त्याच्यापुढे हीच सवय जिवावर उठते.

जाळं टाकताना कोणी आवाज देतं का?

अलास्का आणि ब्रिटिश कोलंबियाच्या पट्ट्यात देतात. साधारण ५०० हर्ट्झच्या आसपासची, एकसुरी, पुन्हापुन्हा दिलेली लांब हाक असते ती. बोटीतून हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा मायक्रोफोन, सोडला तर स्पष्ट ऐकू येते. हाक चालू असते तोवर देवमासे खालीच असतात. ती थांबली की पुढच्या काही क्षणांत कुठेतरी पाणी फुटणार. कॅमेरा घेऊन बसलेले लोक याच खुणेवर तयार राहतात.

हाकेचे दोन उपयोग असावेत. हेरिंगला हा सूर चांगला ऐकू येतो, त्यामुळे तिला हुसकावून कोंडीकडे ढकलता येतं. शिवाय अंधाऱ्या, गढूळ पाण्यात सगळ्यांनी एकाच वेळी उसळी घ्यायची तर काहीतरी इशारा हवाच. आमचा कल पहिल्या कारणाकडे जास्त आहे, कारण हेरिंगवर एकटा शिकार करणारा हंपबॅकही कधीकधी अशी हाक देतो, आणि त्याला इशारा द्यायला कोणी नसतं.

गटात कामं वाटलेली असतात का?

बऱ्याच अंशी. बुडबुडे सोडणारा बहुधा एकच असतो आणि तोच तो पुन्हापुन्हा ते काम करताना दिसतो. बाकीचेही वर येताना एकमेकांच्या सापेक्ष ठरावीक जागा धरतात. शेपटीच्या खालच्या बाजूच्या नक्षीवरून प्रत्येक हंपबॅक ओळखता येतो, त्यामुळे हे पडताळता आलं.

वर म्हटलेला अपवाद हाच. आग्नेय अलास्कातले जाळं टाकणारे काही हंपबॅक वर्षामागून वर्षं त्याच सोबत्यांबरोबर दिसतात. मध्यंतरी हे प्राणी हजारो किलोमीटर दूर उष्ण पाण्यात जाऊन आलेले असतात, तरीही. नात्यापेक्षा इथे कामाची सवय महत्त्वाची दिसते. ज्याच्या उसळीची वेळ माहीत आहे त्याच्याबरोबर टक्कर होत नाही. एकेक गडी २५-३० टनांचा असतो, त्यामुळे ही बारीकसारीक गोष्ट नव्हे.

मग एकटा हंपबॅक जाळं टाकू शकत नाही?

टाकतो की. अलास्कातले एकांडे हंपबॅक क्रिलसाठी जाळं टाकतात आणि ते किती बारकाईने, हे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. वेढे किती, कडं केवढं, बुडबुड्यांमधलं अंतर किती, जाळं किती खोलवर, हे सगळं तो प्राणी बदलत असतो. त्यामुळे एका घोटात येणारं क्रिल सात पटींपर्यंत वाढतं आणि त्यासाठी वेगळी ताकद खर्चावी लागत नाही. अभ्यासकांनी याला हत्यार बनवणं म्हटलं. आम्हाला ते पटतं. जे वापरायचं ते स्वतःच घडवायचं आणि गरजेप्रमाणे लहानमोठं करायचं, याला दुसरं काय म्हणणार?

जाळं फसतं तेव्हा काय होतं?

फसलेला डाव वरून ओळखता येतो. कडं उमटतं, पण पाणी फुटत नाही. देवमासे कड्याच्या आत किंवा बाहेर तोंडं मिटलेल्या अवस्थेत शांतपणे वर येतात, फवारे सोडतात. घिरट्या घालणारे पक्षी खाली न झेपावता पांगतात.

कारणं साधी असतात. कडं मिटण्याआधीच थव्याला फट सापडते. प्रवाह जोराचा असला तर बुडबुड्यांची रांग वाहत जाते. थवा खाली निसटला तर बुडबुड्यांचा उपयोगच राहत नाही, कारण हवा फक्त वर जाते. जाळ्याला तळ नसतो, तळाचं काम बाकीच्या देवमाशांना करावं लागतं, आणि म्हणूनच पळपुट्या माशांसाठी गट हवा.

सगळीकडचे हंपबॅक असंच करतात का?

नाही. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यालगतच्या मेनच्या आखातात भक्ष्य बहुतेकदा सँड लान्स, म्हणजे वाळूत शिरून बसणारा काडीसारखा मासा. तिथे अलास्कासारखी हाक ऐकू येत नाही. शरीराला चिकटवलेल्या यंत्रांवरून तिथल्या दोन चाली उलगडल्या. एकीत देवमासा सर्पिलात वर चढत हवा सोडतो. दुसरीत तो एक वेढा घालतो, शेपटीने पृष्ठभागावर थाप मारतो आणि मग दुसरा वेढा घालून घोट घेतो. मासा तळाशी बसला असेल तर ते कुशीवर वळून तळ घासत खातात, आणि अशा वेळी दोघं-तिघं अगदी शेजारी-शेजारी असतात.

ही कौशल्यं जन्मजात असतात की शिकलेली?

शेपटीच्या थापेचीच गोष्ट घ्या. मेनच्या आखातात ही थाप मारून खाण्याची पद्धत १९८० साली पहिल्यांदा नोंदवली गेली, तीही एकाच प्राण्यात. त्याच सुमारास तिथली हेरिंग कोसळली होती आणि सँड लान्स वाढला होता. २००७ पर्यंत त्या भागातले सुमारे ३७ टक्के हंपबॅक ही थाप मारू लागले होते. आईकडून पिल्लाकडे एवढाच मार्ग असता तर २७ वर्षांत इतका प्रसार झाला नसता. कोण कोणाबरोबर जास्त वेळ घालवतो, याच्या नोंदींशी ताडून पाहिल्यावर दिसलं की थाप मारणाऱ्यांच्या संगतीत राहणारेच ती उचलतात. हा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला.

थोडक्यात, देवमासे एकमेकांचं बघून शिकतात. खाण्याच्या सवयी पसरतात त्या रक्ताच्या नात्याइतक्याच ओळखीपाळखीतून.

तोंड उघडं ठेवून नुसता उभा राहणारा देवमासा पाहिला. तो आजारी होता का?

बहुधा नाही, तो जेवत होता. व्हँकूव्हर बेटाजवळ २०११ साली हंपबॅकमध्ये ही तऱ्हा पहिल्यांदा दिसली. लहान हेरिंग विरळ पसरलेली असते तेव्हा उसळी घेणं परवडत नाही, कारण ताकद जास्त जाते आणि हाती थोडंच लागतं. मग देवमासा पृष्ठभागाशी जबडा उघडून स्थिर राहतो. वरून पाणपक्षी बुड्या मारत असतात. घाबरलेली हेरिंग आडोसा शोधते, आणि सगळ्यात जवळचा आडोसा म्हणजे ते उघडं तोंड. थोडे मासे जमले की जबडा मिटतो. ही युक्तीसुद्धा एक-दोघांकडून इतरांकडे गेली.

थायलंडच्या आखातातले ब्राइड्ज व्हेलही पाण्यात उभे राहून असंच करतात, आणि त्यांची पिल्लं आईशेजारी तोच पवित्रा घेताना दिसतात. तिथे खालच्या पाण्यात प्राणवायू कमी असल्याने मासे वरच्या थराला धरून राहतात, हे त्यामागचं संभाव्य कारण.

ओर्का हेरिंगचा गोळा कसा करतात?

नॉर्वेच्या फ्योर्डांत, म्हणजे डोंगरांमधल्या अरुंद खाड्यांत, हिवाळ्यात हे दृश्य दिसतं. ओर्काचा जबडा हंपबॅकसारखा थवा गिळू शकत नाही. त्याला मासे एकेक करून खायचे असतात, म्हणून पद्धत सगळीच वेगळी.

कुटुंबातले काहीजण खोलातल्या थव्यातून एक तुकडा तोडतात आणि वर रेटतात. मग आळीपाळीने त्याच्याभोवती गोल फिरतात. फिरताना पोटाची पांढरी बाजू माशांकडे वळवतात, बुडबुडे सोडतात, आवाज करतात. मासे दाटीवाटीने गोळा होतात. गोळा पुरेसा घट्ट झाला की एकजण आत वळतो आणि शेपटीच्या पंख्याने फटका मारतो. फटका बसलेले मासे गुंगून किंवा मरून तरंगू लागतात आणि मग ओर्का ते एकेक करून उचलतात. उरलेल्यांनी तोवर फेर मोडायचा नसतो. सगळेच खायला धावले तर गोळा फुटतो आणि हेरिंग पुन्हा खोलात जाते. पोहताना मासे मारण्यापेक्षा थांबून फटका मारणं सोपं पडतं, कारण एवढा मोठा प्राणी चपळ हेरिंगच्या वळणांना पुरा पडत नाही. शेपटीचं टोक मात्र पुरं पडतं.

आइसलंडच्या ओर्कांची एक वेगळी लकब आहे. फटक्याच्या जरा आधी ते खालच्या पट्टीतली लांब हाक देतात, आणि तिने हेरिंग आणखी दाटते असा अंदाज आहे. अलास्कातल्या हंपबॅकशी याचं साम्य लक्षात घ्या. दोन वेगळ्या जाती, दोन वेगळे महासागर, पण समोर मासा तोच.

बर्फावरच्या सीलला लाटेने पाडतात हे खरं आहे?

खरं आहे. अंटार्क्टिकातल्या ओर्कांचा एक प्रकार यात तरबेज आहे. आधी एकजण डोकं पाण्याबाहेर उभं काढून बर्फाच्या लादीवर कोण आहे ते पाहतो. क्रॅबइटर सील असेल तर बऱ्याचदा सोडून देतात, वेडेल सील असेल तर बाकीचे जमतात. मग काहीजण खांद्याला खांदा लावल्यासारखे ओळीने, एका लयीत शेपट्या मारत लादीकडे येतात आणि ऐनवेळी तिच्याखाली बुडी मारतात. त्यांच्यामागून उठलेली लाट लादीवरून धुऊन जाते.

लादी मोठी असेल तर पहिल्या लाटा तिचे तुकडे करण्यात जातात. मग सील असलेला तुकडा डोक्याने ढकलत मोकळ्या पाण्यात आणतात, म्हणजे लाटेला जागा मिळते. एकाने शेपटी उशिरा मारली तर लाट फुसकी निघते. सील लादीच्या मधोमध चिकटून राहिला तर पाच-सहा फेऱ्याही लागतात, आणि कधी सील निसटतोही. शिकार मिळाली की ती पाण्याखाली फाडून वाटली जाते.

किनाऱ्यावर चढून शिकार करणारे ओर्का कुठे दिसतात?

अर्जेंटिनात पुंता नोर्ते इथे, सी लायनची पिल्लं पाण्यात उतरू लागतात त्या मार्च-एप्रिलच्या सुमाराला. हिंद महासागराच्या दक्षिणेला क्रोझे बेटांवर एलिफंट सीलच्या पिल्लांसाठीही हेच चालतं. सगळे ओर्का हे करत नाहीत, काही मोजकेच करतात. चूक झाली तर वाळूत अडकून जीव जातो, त्यामुळे पिल्लं शिकार नसतानाही मोठ्यांच्या शेजारी राहून किनाऱ्यावर सरकण्याचा सराव करतात.

शिकार वाटून खातात का? की ज्याची त्याला?

बलीनवाल्यांना हा प्रश्नच नाही, घोट ज्याचा त्याचा. ओर्कांमध्ये मात्र वाटून खाणं नेहमीचं आहे. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे सामन मासे खाणारे ओर्का घ्या. सामन काही दोघांशिवाय संपणार नाही इतका मोठा नसतो, तरी मादी तो तोंडात धरून वर येते, दाताने फाडते आणि अर्धा पिल्लासमोर सोडते. पिल्लू मोठं झालं तरी हे चालूच राहतं. थोराड झालेल्या मुलग्यांनाही आया भरवतात. नर उलट फारसे वाटत नाहीत.

म्हाताऱ्या माद्यांचं महत्त्व वेगळंच आहे. पिल्लं होणं थांबल्यावरही ओर्का माद्या दशकानुदशकं जगतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की सामनच्या मागावर कुटुंब निघतं तेव्हा पुढे बहुधा अशीच वयस्क मादी असते, आणि सामन कमी असलेल्या वर्षांत तर अधिकच. मासा कुठे, कोणत्या भरतीला सापडतो हे तिला माहीत असतं.

काही ओर्का सतत बोलतात, काही अगदी गप्प असतात. असं का?

सामनला ओर्काच्या वरच्या पट्टीतल्या आवाजांचा फारसा पत्ता लागत नाही, म्हणून सामन खाणारे मनसोक्त बोलतात. सील, डॉल्फिन आणि इतर देवमासे खाणारे ओर्का त्याच पाण्यात राहतात, पण त्यांच्या भक्ष्याचे कान तिखट असतात. तिथे तोंड उघडलं की शिकार गेली. ते तोंड मिटून फिरतात आणि शिकार झाल्यावर बोलू लागतात. त्यांचे गटही लहान असतात. सील पकडताना तीन जणांच्या गटात प्रत्येकाच्या वाट्याला सर्वांत जास्त येतं, असं १९९६ साली मांडलं गेलं. जास्त जण झाले की वाटेकरी वाढतात, शिकार तेवढीच राहते.

निळे किंवा फिन देवमासे एकत्र दिसतात, ते सहकार्यच ना?

बहुधा नाही. फिन व्हेल एका घोटात सुमारे ७० घनमीटर पाणी घेतो. त्याला कोणी थवा दाबून द्यावा लागत नाही, दाट क्रिल सापडलं म्हणजे झालं. दाट क्रिल मोजक्याच जागी असतं आणि सगळ्यांना तिथेच जायचं असतं. अंटार्क्टिकातल्या एलिफंट बेटाजवळ २०१९ साली सुमारे १५० फिन व्हेल एका जागी खाताना नोंदवले गेले. दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हंपबॅकचे २० ते २०० जणांचे दाट जमाव २०११ पासून नोंदवले गेले. तिथे पाण्यावर इतके फवारे उडतात की वास बोटीपर्यंत येतो, आणि तो वास काही सुखद नसतो.

अशा जमावातही काही देवघेव असू शकते. क्रिल सापडल्याची चाहूल दुसऱ्याच्या आवाजावरून लागत असेल. पण त्याला बुडबुड्यांच्या जाळ्याच्या रांगेत बसवू नये. गर्दी आणि टोळी यांत फरक आहे.

राइट आणि बोहेड तिरक्या रांगेत का पोहतात?

हे उसळी घेत नाहीत. तोंड उघडं ठेवून संथपणे, सेकंदाला मीटरभर, पुढे जात राहतात आणि पाणी सतत बलीनमधून गळत राहतं. बोहेडचं बलीन ४ मीटरपर्यंत लांब असतं. अलास्काच्या उत्तरेकडच्या बोफोर्ट समुद्रात १४ जणांपर्यंत बोहेड हंसांच्या थव्यासारखी तिरकी रांग धरून खाताना दिसले आहेत. एकाच्या बाजूने निसटलेलं भक्ष्य दुसऱ्याच्या तोंडात जात असावं. रांगेतल्या जागा बदलत राहतात.

ग्रे व्हेल?

बहुतेक एकटाच. तळाच्या चिखलात कुशीवर वळून, बहुधा उजव्या, तो चिखल ओढतो आणि त्यातले बारीक कवचधारी जीव गाळतो. ते जीव पळत नाहीत, त्यामुळे सोबतीचं काही काम नसतं.

स्पर्म व्हेल इतक्या खोलात एकमेकांबरोबर असतात का?

बरोबर, पण अंतर ठेवून. माद्या आणि पिल्लांच्या दहा-बारा जणींच्या गटातल्या प्रौढ माद्या शेकडो मीटरची अंतरं राखून, साधारण एकाच दिशेने पसरतात आणि सुमारे ४०० ते १२०० मीटर खोलवर स्क्विड (माकुळ) शोधतात. बुडी पाऊण तासाची. आवाजाच्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य शोधताना प्रत्येकीचे क्लिक सेकंदाला एक-दोन या गतीने चालू असतात. स्क्विडजवळ पोचलं की क्लिक एकमेकांत मिसळून चरचर होते. एकीची चरचर दुसरीला ऐकू जातेच, त्यामुळे कुठे माल आहे हे लपत नाही.

पिल्लांना इतकं खोल जाता येत नाही. म्हणून माद्या सगळ्या एकदम बुडी मारत नाहीत. काही खाली, काही वर, अशा पाळ्या लागतात आणि पिल्लू कोणातरी मोठीच्या जवळ राहतं.

देवमासे एकमेकांचं हिरावून खातात का?

हिरावून म्हणण्यापेक्षा आयत्या बिळावर नागोबा म्हणा. नॉर्वेत ओर्कांनी मेहनतीने केलेल्या हेरिंगच्या गोळ्यावर हंपबॅक येतात आणि दोन-तीन घोटांत तो संपवतात. ओर्का बाजूला होतात. दोघांच्या आकारातला फरक पाहता वाद घालण्यात अर्थ नसतो.

पक्ष्यांचा आणि सीलचा यात काय वाटा?

पक्षी वरून कडं आधी पाहतात, म्हणून आकाशात एका जागी दाटलेले सीगल ही निरीक्षकासाठी चांगली खूण. सी लायन बुडबुड्यांच्या कड्यात घुसतात. कधीकधी अडकून देवमाशाच्या तोंडातही सापडतात आणि बाहेर टाकले जातात.

माणूस गिळला जाऊ शकतो?

हंपबॅकच्या तोंडात माणूस मावतो, घशातून जात नाही. उसळीच्या जागी कोणी असेल तर तोंडात सापडू शकतो, आणि २०२१ साली अमेरिकेत केप कॉडजवळ एका पाणबुड्याच्या बाबतीत तसं झालं. देवमाशाने त्याला बाहेर टाकलं. यात हल्ला नसतो. तोंड उघडल्यावर हंपबॅकला समोरचं नीट दिसत नाही, एवढंच.

बोटीतून पाहताना काय करावं, काय टाळावं?

अलास्कात हंपबॅकपासून १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर अंतर कायद्याने राखावं लागतं. उत्तर अटलांटिक राइट व्हेलसाठी अमेरिकेत ५०० यार्ड. वॉशिंग्टन राज्यात दक्षिणेकडच्या सामनखाऊ ओर्कांसाठी जानेवारी २०२५ पासून १००० यार्ड. इतरत्र स्थानिक नियम वेगळे असतात, ते निघण्याआधी विचारावेत.

देवमासे खात असतील तर नियमातल्या अंतरापेक्षा जास्तच दूर राहावं. बोट त्यांच्या वाटेत आडवी घालू नये, बाजूने समांतर, मंद गतीने ठेवावी. गटाच्या मधून कधीच जाऊ नये. बोटीजवळ हिरवे ठिपके उमटू लागले तर घाबरून वेग वाढवू नका. गिअर न्यूट्रलला आणा आणि थांबा. देवमाशांना तुमची जागा माहीत असते, तुम्हाला त्यांची नसते.

नोंद करायची तर वेळ, संख्या, बुडी किती मिनिटांची, कड्याचा अंदाजे व्यास, कोण कोणाशेजारी वर आला, पक्षी होते का, एवढं लिहिलं तरी उपयोगाचं. फोटो तोंडाचे सगळेच काढतात. ओळख पटते ती बुडी मारताना मागून काढलेल्या शेपटीच्या खालच्या बाजूवरून. असे फोटो हॅपीव्हेल या संकेतस्थळावर टाकले तर तो प्राणी याआधी कुठे दिसला होता ते कळू शकतं.

बोटींच्या आवाजाने खरंच फरक पडतो?

पडतो. दक्षिणेकडच्या सामनखाऊ ओर्कांवरच्या २०२१ च्या अभ्यासात बोट सरासरी ४०० यार्डांच्या आत आली की माद्या शिकारीच्या बुड्या कमी मारतात असं दिसलं. पिल्लाजवळ थांबायचं की सामनच्या मागे जायचं, या निवडीत त्या थांबणं पसंत करत असाव्यात. आणि घरात वाटप करणारी तीच असल्याने उपास सगळ्यांनाच घडतो. गटाने शिकार करणाऱ्यांना आवाज दुहेरी नडतो: भक्ष्य ऐकू येत नाही आणि सोबतीही ऐकू येत नाही.

देवमासे वर्षभर असं खातात का?

बहुतेक हंपबॅक नाही. थंड पाण्यात उन्हाळाभर खायचं आणि उष्ण पाण्यात वीण करताना चरबीवर काढायचं, असं त्यांचं वर्ष असतं. म्हणून जाळ्याचा खेळ हिवाळ्यात हवाई किंवा मेक्सिकोत दिसत नाही.

अरबी समुद्रातले हंपबॅक याला अपवाद. ते स्थलांतरच करत नाहीत. पावसाळी वाऱ्यांनी खालचं थंड, पोषक पाणी वर येतं, मासळी पिकते आणि एकाच समुद्रात खाणं आणि वीण दोन्ही भागतं. हे कळायला एक वाईट प्रसंग कारणीभूत झाला. १९६० च्या दशकात, मुख्यतः १९६६ च्या नोव्हेंबरात, सोव्हिएत जहाजांनी या समुद्रात बेकायदा २४२ हंपबॅक मारले. इतरत्र वर्षाच्या ज्या काळात उत्तरेकडचे हंपबॅक उपाशी प्रवासाला लागलेले असतात, त्या काळात इथल्यांच्या पोटांत क्रिल आणि मासे सापडले. आज ओमानच्या किनाऱ्यालगतच्या त्यांच्या संख्येचा अंदाज १०० च्या आत आहे.